उन्हाळ्यात व्यालेली डुकरीण



आम्ही मुंबईच्या लालबागचे. पेशाने शाळामास्तर. मॅट्रिक झालो, शिक्षकाचा कोर्स केला आणि जन्मभर गिरणगावातल्या मुलांना बाराखडी नि पाढे शिकवले. शेवटची काही वर्षे हेडमास्तर होतो. असा माणूस डुकरिणीवर बोलायला उभा राहिला, म्हणून मागच्या रांगेत कोणी तोंडाला पदर लावून हसत आहे. हसा, हसा. तुमच्या जागी आम्हीही हसलो असतो.

मुंबईत डुकराशी आमचा संबंध येण्याचे कारणच नव्हते. १८८८ सालचा मुंबई महापालिकेचा कायदा आहे. त्यात स्पष्ट लिहिले आहे की, आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय शहरात डुक्कर पाळायचे नाही. आमच्या चाळीत फार तर मांजर. तरी हा विषय आम्ही शिकलो. का शिकलो, ते आधी सांगतो. त्यात आमची चूक आहे, ती लपवण्यासारखी नाही.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. आमच्या शेजारच्या खोलीत एक साचेवाले राहत. सावंतवाडीकडचे. वर्षभर त्यांनी वाट पाहिली, भांडी विकली, मग बायको नि मुलगी घेऊन गावी गेले. गावी जमीन थोडी. गोव्याचा बाजार जवळ. तिकडे डुकराच्या मांसाला मागणी. त्यांनी कर्ज काढून पांढऱ्या विलायती जातीची एक डुकरीण घेतली. भावकीने नाक मुरडले. पण डुकरिणीचे सगळे पाहायच्या त्या वहिनी. चाळीत असताना आमच्या घरी हळदीकुंकवाला येणाऱ्या, आम्हाला भावजी म्हणणाऱ्या. त्यांना वाचता येत नव्हते. मुलगी पत्र लिही आणि आलेले वाचून दाखवी.

एका मे महिन्यात मुलीचे कार्ड आले. डुकरीण व्याली. ११ पिल्ले झाली. पण उकाडा फार. डुकरीण धापा टाकते, खाणे टाकले आहे. काय करावे? गावात ढोरांचा डॉक्टर नाही. गुरुजी, तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही सांगा.

आम्ही शिकलेले! उलट टपाली कार्ड टाकले. लिहिले की, जनावराला उष्मा झाला आहे, दिवसातून चार वेळा सगळा गोठा पाण्याने भिजवून काढा, जमीन ओलीगच्च ठेवा, रात्रीही पाणी मारा.

वहिनींनी अक्षर न् अक्षर पाळले. विहिरीवरून पाणी वाहून वाहून खांद्याची कातडी गेली. दहा दिवसांनी दुसरे कार्ड आले. त्यात वहिनींनी सांगितलेले वाक्य मुलीने जसेच्या तसे उतरवले होते : "भावजी, डुकरीण वाचली, पिलां गेली." ११ पैकी ७ गेली होती. त्या पिल्लांवर कर्जाचा हप्ता होता, आणि मुलीच्या हायस्कूलची फी होती.

ते कार्ड खिशात घालून आम्ही परळला गेलो. परळला जनावरांच्या डॉक्टरांचे सरकारी कॉलेज आहे. १८८६ साली निघाले. त्याला लागूनच जनावरांचे मोठे इस्पितळ आहे. दिनशा पेटिट या पारशी धनिकाने पत्नी साकरबाई यांच्या नावाने बांधलेले. त्या फाटकावरून आम्ही हजार वेळा गेलो असू. आत पाऊल कधी टाकले नव्हते. त्या दिवशी टाकले. एका डॉक्टरांनी आमचे ऐकून घेतले. ते आम्हाला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मास्तर, तुम्ही आईला गार केलेत, पण पोरांनाही गार केलेत."

आज सांगायचे ते एवढेच आहे. बाकी सगळा त्याचाच विस्तार.

आता नीट पहा. डुकरिणीला घाम जवळ जवळ येतच नाही. बैलाला येतो, आपल्याला येतो. घाम वाळला की अंग गार होते. डुकरिणीजवळ ती सोय नाही. तिच्याजवळ दोनच उपाय. एक म्हणजे धापा टाकणे, दुसरा म्हणजे ओल्यात लोळणे. लोक म्हणतात डुक्कर घाणेरडे, गटारात लोळते. अहो, तिला स्वच्छ पाणी नि सावली मिळाली तर ती गटारात कशाला जाईल? उकाड्याने जीव कासावीस होतो म्हणून ती चिखल शोधते. पिल्ले पाजणाऱ्या डुकरिणीला साधारण १८ ते २२ अंश हवा बरी वाटते. म्हणजे महाबळेश्वरची हवा म्हणा ना! २५ अंशांच्या वर गेले की तिचे खाणे कमी होऊ लागते. आपल्याकडे मे महिन्यात कोकणात ३३-३४ अंश असतात, वर दमटपणा. विदर्भात तर ४५. मग ती खाईल कशी?

आता पिल्लू घ्या. जन्मले तेव्हा ते जेमतेम सव्वा किलोचे. अंगावर चरबी नाही, केस नाममात्र, जन्मतः ओले. त्याला पहिल्या दिवसांत ३२ ते ३५ अंश ऊब लागते. आपल्याला मे महिन्याची रात्र उकडते, पण ती असते २५-२६ अंशांची. त्या पिल्लाला ती थंडीची रात्र. त्यात जमीन ओली आणि वारा सुटलेला, मग ते काकडते. काकडले की दूध ओढायला ताकद राहत नाही. मग ऊब शोधत आईच्या पोटाशी जाऊन चिकटते. आणि आई उकाड्याने हैराण. सारखी उठते, सारखी बसते. बसली की खाली एखादे चिरडते. वहिनींची ७ पिल्ले अशीच गेली. काही गारठ्याने, काही अंगाखाली.

चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत मे महिन्यात बाळंतीण असते, तेव्हा आपण काय करतो? तिला दाराशी वाऱ्याला बसवतो, पण बाळाला दुपट्यात गुंडाळतो. खोली एक, पण दोघांची हवा वेगळी. माणसाची उपमा डुकरिणीला दिली म्हणून कोणाला राग आला असेल तर आमचा नाइलाज आहे. पाजणारी ती पाजणारी.

पहिल्याने पिल्लांचा कोपरा. गोठ्याच्या एका कोपऱ्यात फळ्यांचा किंवा कुडाचा आडोसा करा. वर झाकण असू द्या. खाली दीड वीत उंचीचे दार ठेवा. पिल्लू आत जाईल, आई जाऊ शकणार नाही. आत भाताचा कोरडा पेंढा घाला आणि ओला झाला की बदला. वीज असेल तर रात्री एक दिवा वर टांगा. नसेल तर कंदील. पण कंदील पेंढ्यापासून दूर, पत्र्याच्या डब्यात बसवून टांगा, नाहीतर सगळ्या गोठ्याला आग लागायची. पिल्ले आत जात नसतील तर दूध पिऊन झाल्यावर उचलून आत ठेवा. एक-दोन दिवसांत त्यांना वाट कळते. दुपारी पिल्ले आपणच बाहेर पसरून निजली तर दिवा लागत नाही. सगळी एकावर एक चढून निजली तर समजा की थंडी वाजते आहे. याला थर्मामीटर नको.

दुसरे, भिंतीला दांडा. भिंतीपासून वीतभर आत आणि जमिनीपासून वीतभर वर, तिन्ही भिंतींना बांबूचा किंवा वाशाचा मजबूत दांडा ठोका. डुकरीण भिंतीला टेकून धाडदिशी बसते. दांडा असला की भिंतीशी पोकळी राहते आणि पिल्लू त्यात निसटते. जी पिल्ले मरतात त्यांतली बहुतेक पहिल्या ३ दिवसांत मरतात. तेव्हा ३ रात्री घरातल्या कोणीतरी पाळी लावून गोठ्यात निजावे. शेताची राखण करता ना, तशी ही राखण.

आता आईला गार कसे करायचे? गोठ्यावर नुसता पत्रा असेल तर तो दुपारी तव्यासारखा तापतो. त्याच्यावर गवताने किंवा झावळ्यांनी शाकारा. पश्चिमेच्या बाजूला गोणपाटाचा पडदा सोडा आणि दुपारी तो ओला करा. भिंती छातीपर्यंतच असू द्या, वर मोकळे, म्हणजे वारा खेळेल. हवा दमट असली की अंगावरचे पाणी वाळत नाही. म्हणून नुसते पाणी पुरत नाही, वारा पाहिजेच. पांढऱ्या जातीच्या डुकरिणीला उन्हात बांधू नका. तिची कातडी उन्हाने भाजते.

पाणी कुठे घालायचे, ते परळच्या डॉक्टरांनी आम्हाला कागदावर चित्र काढून दाखवले होते. मानेवर आणि खांद्यावर घालायचे. सगळ्या अंगावर नाही, जमिनीवर तर नाहीच. वैशाखात पिंडीवर गळती बांधतात, ती तुम्ही पाहिली आहे. तशीच एक जुनी घागर घ्या. बुडाला बारीक भोक पाडून त्यात चिंधीची वात घाला. डुकरीण जिथे मान टाकून निजते, तिथे वर टांगा. थेंब थेंब पडू द्या. ११ वाजता सुरू करा, ४-५ वाजता बंद करा. जमिनीला उतार हवा, म्हणजे पाणी सरळ बाहेर जाईल. पिल्लांच्या कोपऱ्याकडे ते वाहता कामा नये. व्याल्यावर पहिले ३-४ दिवस हे करू नका. तेव्हा फक्त ओले फडके मानेवर ठेवा. आमच्या कार्डात हा एवढा तपशील असता तर!

पिण्याच्या पाण्याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. दूध म्हणजे बरेचसे पाणीच की! चांगली विलायती डुकरीण भरात असताना दिवसाला ६ ते ८ लिटर दूध देते. तिला प्यायला २५ ते ३० लिटर पाणी लागते. दोन मोठ्या बादल्या झाल्या. एकदा भरून ठेवले की ती ते सांडते, त्यात पाय घालते, ऊन लागले की ते तापते. तापलेले पाणी ती पीत नाही. पाणी सावलीत ठेवा, दिवसातून ४ वेळा बदला. रात्री निजण्यापूर्वी पुन्हा भरा. ती रात्रीच जास्त खाते-पिते.

आता खाणे. डुकरिणीचे पोट रिकामे राहिले तरी ती पाजायचे सोडत नाही. जवळ जवळ दर तासाला ती पाजते. दूध उतरते ते १०-२० सेकंदच. तेवढ्यात प्रत्येक पिल्लू आपला ठरलेला सड धरते. खाणे कमी पडले की ती स्वतःच्या अंगाचे मांस झिजवून दूध करते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लांना सगळ्यात जास्त दूध पाहिजे असते. नेमके तेव्हाच तिची हाडे वर येतात आणि दूध आटते. शिवाय पिल्ले तोडल्यावर अशी खंगलेली डुकरीण लवकर माजावर येत नाही. म्हणजे नुकसान या वेताचे आणि पुढच्याचेही.

किती घालायचे, याचा हिशोब फळ्यावर मांडू. तिच्या स्वतःसाठी २ किलो. दर पिल्लामागे ३०० ग्रॅम धरा. ९ पिल्ले असतील तर ९ गुणिले ३००, म्हणजे २,७०० ग्रॅम. एकूण ४ किलो ७०० ग्रॅम. हा मोठ्या पांढऱ्या जातीचा हिशोब. आपली गावठी काळी डुकरीण अंगाने लहान, तिला कमी पुरते. व्यायली त्या दिवशी पाणी आणि मूठ-दोन मूठ ओला कोंडा एवढेच द्या. मग रोज थोडे थोडे वाढवत आठवड्याने पुऱ्या मापावर आणा. पहिल्याच दिवशी पोटभर घातले तर तिला अपचन होते आणि कास दुखावते.

१० किलो मिश्रण करायचे तर मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा ५ किलो, कोंडा २ किलो, शेंगदाण्याची पेंड २ किलो, डाळीची चुनी पाऊण किलो, खनिज मिश्रण २०० ग्रॅम आणि मीठ ५० ग्रॅम. बुरशी आलेली पेंड स्वस्त मिळते, ती घेऊ नका. उन्हाळ्यात कोंडा यापेक्षा वाढवू नका. चोथ्याचे खाणे पचवताना जनावराच्या अंगात उष्णता जास्त होते. थोडे खाऊन ताकद मिळेल असे खाणे हवे. थोडासा कोवळा पाला किंवा रताळ्याचा वेल द्यावा, पोट साफ राहते.

वेळ फार महत्त्वाची. दुपारी १२ वाजता पाटी भरून ठेवली तर ती तोंड लावणार नाही आणि खाणे आंबून जाईल. पहाटे कोंबडा आरवला की एक वेळ. दिवस मावळल्यावर दुसरी. रात्री १० च्या सुमारास तिसरी. खाणे पाण्यात कालवून द्या, कोरड्यापेक्षा ते ती आवडीने खाते. उरले तर काढून टाका, गव्हाण धुवा. गिरणीतल्या रातपाळीच्या कामगाराला आम्ही हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, आमच्यासारखीच हिचीही रातपाळी!

आता खरकट्याविषयी. शहराजवळ डुकरे पाळणारे हॉटेलांचे, खाणावळींचे खरकटे आणतात. स्वस्त पडते, यात शंका नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. खरकट्यात मीठ असते. लोणचे, पापड, फरसाण, खारी मासळी, सगळे खारट. आमच्या लालबागला चिवड्याची आख्खी गल्ली आहे. तिथला चुरा कोणी फुकट दिला तरी पाजणाऱ्या डुकरिणीला घालू नका. खारट खाणे आणि पाणी कमी, हे दोन्ही एकत्र आले की मीठ मेंदूला चढते. जनावर आंधळ्यासारखे भिंतीवर आपटते, गोल फिरते, झटके येऊन पडते. अशा वेळी एकदम बादलीभर पाणी पुढे ठेवू नका. थोडे थोडे द्या आणि डॉक्टरला बोलवा.

दुसरी गोष्ट, खरकटे उकळल्याशिवाय घालू नका. चांगले रटरट अर्धा तास उकळा, मग गार करा. त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे तर नकोतच. २०२० साली आफ्रिकन स्वाईन फीव्हर हा रोग आपल्या देशात पहिल्यांदा आसाम आणि अरुणाचलात आला. त्याने डुकरांचे कळपच्या कळप मारले. माणसाला तो होत नाही, पण डुकराला झाला तर औषध नाही. तो खरकट्यातूनही पसरतो. साधा स्वाईन फीव्हर म्हणून जुना रोग आहे, तो वेगळा. त्याची लस असते, ती पशुवैद्याकडून टोचून घ्या.

पिल्लांना तिसऱ्या दिवशी लोहाचे इंजेक्शन द्यावे. आईच्या दुधात लोह फार थोडे असते. सिमेंटच्या जमिनीवर वाढणारी पिल्ले त्यावाचून फिकी पडतात.

डुकरीण तोंड उघडे टाकून भराभर धापा टाकते, फेस येतो, उठत नाही, असे झाले तर तिला हलवू नका, मारून उठवू नका. आहे तिथेच सावली करा. साधे पाणी आधी पायांवर, मग मानेवर घाला. वारा घाला. बर्फ नको. तोंडात बळेच पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते. आणि कासेला हात लावून पाहत जा. कास दगडासारखी कठीण आणि गरम लागली, पिल्ले सारखी केकाटू लागली, तर तो उकाडा नव्हे. तो कासेचा रोग आहे. तिथे आमचे भाषण उपयोगाचे नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

परळहून आलो त्या रात्री आम्ही हे सगळे लिहून पाठवले. या खेपेला कार्ड नाही, चार पानी पत्र. मुलीने ते वहिनींना तीनदा वाचून दाखवले म्हणे. पुढच्या उन्हाळ्यात डुकरिणीला ९ पिल्ले झाली. ८ जगली. एक मेले ते दांड्याचा एक खिळा सुटला होता म्हणून. वहिनींनी ते आम्हाला मुद्दाम कळवले.

पुढे वहिनींनी स्वतःच एक युक्ती काढली, ती परळच्या डॉक्टरांनाही आम्ही सांगितली. डुकरीण ११४ दिवस गाभण असते. ३ महिने, ३ आठवडे, ३ दिवस. संक्रांतीला नर दाखवला तर ती ८ मेच्या सुमारास विते, म्हणजे ऐन वैशाखात. तोच दसऱ्याच्या सुमारास दाखवला तर फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात विते. पिल्ले सहा-आठ आठवड्यांची होऊन दूध तुटते, तोवर खरा उन्हाळा लागायचा असतो. तेव्हा संक्रांतीला माजावर आली तर ती एक पाळी जाऊ द्यायची की नाही, हे तुम्ही आपल्या पैशाचे नि पाण्याचे मान पाहून ठरवा. काहींना थांबणे परवडत नाही, हे आम्हाला माहीत आहे.

नर दाखवला त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात एक फुली करा. तिथून ११४ दिवस मोजा. जिथे मोजणी संपेल त्या चौकोनात लिहा, "डुकरीण". लिहिता तुम्हाला आता येतेच. त्याच्या आठ दिवस आधीच्या चौकोनात लिहा, "दांडा, पेंढा, घागर".

आता कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा.